बंद खोलीतली चौथी

२ मे १९७३, बुधवार

आज प्राचार्यांनी होकार दिला. म्हणजे ते म्हणाले, "करा बाई, पण पेपरात नाव येईल असं काही करू नका." मी तो होकार समजले.

उद्यापासून लोक विचारू लागतील आणि मी प्रत्येकाला वेगळे सांगेन, म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवते. अमेरिकेच्या चांद्रमोहिमांचे वैद्यकीय अहवाल मी वर्षभर मागवून वाचते आहे. अपोलो ७ मधल्या तिघांना वर गेल्यावर सर्दी झाली. अपोलो १३ मधल्या एकाला मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप भरला, तोही जिथे डॉक्टर पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी. परतलेल्या वीरांचे नाक-घसे तपासले, तर जंतूंचे प्रकार कमी झालेले, उपद्रवी जंतू वाढलेले आणि एकाचे दुसऱ्याकडे गेलेले आढळले. आता या महिन्यात ते स्कायलॅब नावाचे अंतराळस्थानक वर सोडणार आहेत. तिघे जण महिनाभर त्यात राहणार. त्यांच्यात काय होईल?

वजनरहितता मला सोलापुरात आणता येणार नाही. पण बंद जागा, मोजके पाणी, कोरडे अन्न आणि तीच ती तीन माणसे एवढे आणता येते. पाणी तर यंदाच्या दुष्काळात सगळे गावच मोजून वापरते आहे. वसतिगृहाच्या टोकाला आजारी मुलींसाठी एक खोली आहे. तिला स्वतंत्र मोरी आणि संडास आहे आणि सुट्टीत ती रिकामीच असते. तीन मुली अठ्ठावीस दिवस तिथे राहतील. एक दिवसाआड मी आत जाऊन त्यांच्या नाकातून, घशातून, तळव्यावरून कापसाचा बोळा फिरवून नमुने घेईन, आणि कोणता जंतू कोणाकडून कोणाकडे जातो ते पाहीन.

जगात हे कुणी केलेच नसेल असे नाही. सोलापुरात केलेले नाही. मला त्रेचाळीस वर्षे झाली. इतकी वर्षे मी दुसऱ्यांचे प्रयोग फळ्यावर काढते आहे. तेही एक कारण आहे आणि ते स्वतःपासून लपवू नये.

७ मे, सोमवार

अकरा मुली तयार झाल्या. सगळ्यांची नाके तपासली. गळवे आणि नखुरडी करणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा सोनेरी जंतू आहे. तो पुष्कळ धडधाकट माणसांच्या नाकात गुपचूप राहतो. माझ्या खोलीत सुरुवातीला तो नको. मध्येच उगवला तर कुठून आला ते कळले पाहिजे. चौघींच्या नाकात सापडला, त्यांना वगळले. एक रडायलाच लागली. "बाई, मी घाणेरडी आहे का हो?" मी तिला जवळ बसवून सांगितले की अशा माणसाला 'वाहक' म्हणतात, त्यात कसलीही लाज नाही, आणि वाहकाला स्वतःला कधीच कळत नाही. तिची समजूत पटली असावी.

उरलेल्यांतून तिघी निवडल्या. रुद्राणी इथलीच, चादरीच्या व्यापाऱ्याची मुलगी, बडबडी. अक्कम्मा अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी, शांत. मायाक्का सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली. घरातली पहिलीच शिकणारी. निवड सांगितल्यावर तिने एकच प्रश्न केला, "बाई, जेवान तिन्ही वेळचं मिळंल का?" अंतराळातल्या आहाराबद्दल विचारणारी ही एकटीच. प्रयोगाच्या तपशिलात रस घेते आहे, हे मला आवडले.

१२ मे, शनिवार

मायाक्काचे वडील ज्ञानबा सही करायला आले. खांद्यावर घोंगडी, इतक्या उन्हात. मी समजावून सांगितले, त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी कोंडून ठिवनार?"

"कोंडून नाही. तिला वाटेल तेव्हा दार उघडून मिळेल. फक्त आली की प्रयोग थांबेल."

"आजारी पडली तर?"

"मी रोज येणार. तुमची मुलगी जशी दिलीत तशी तुम्हाला परत देईन."

शेवटचे वाक्य बोलायला नको होते. विज्ञानाच्या माणसाने असे शब्द देऊ नयेत. पण त्यांनी अंगठा केला तो त्या वाक्यानंतरच. मेंढरे घेऊन ते भीमेच्या काठाने चालले आहेत, जिथे काही हिरवे दिसेल तिथे. मायाक्काची आई आणि दोघे भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडतात.

१६ मे, बुधवार

रेडिओवर बातमी. स्कायलॅब वर गेले, पण जाता जाता त्याचे उन्हापासून बचावाचे आवरण फाटले. आत भट्टी झाली आहे म्हणे. माणसे पाठवायची की नाही यावर खल चालला आहे.

चन्नवीर जेवताना म्हणाले, "त्यांना सांग, मेमध्ये सोलापूरला येऊन सराव करा म्हणावं. इथं आवरण नसूनही लोक जगतात." (चारचौघांत मी नवऱ्याचे नाव घेत नाही. डायरीत घेते.)

२६ मे, शनिवार

काल त्यांची तीन माणसे वर गेली आणि आज माझ्या तिघी आत गेल्या.

खोली पूर्ण बंद करणे म्हणजे मुलींना भाजून काढणे. म्हणून खिडकीच्या जाळीवर गोणपाट टांगले आहे, ते मी बाहेरून भिजवते. बाकी आत काही जायचे नाही. जे गेले ते आधी वाफवून किंवा स्पिरिटने पुसून. पत्र्याच्या डब्यांतून महिन्याचे जेवण: कडक भाकरी, शेंगाची चटणी, गूळ, फुटाणे, दुधाची पावडर. कडक भाकरी महिनोन्महिने टिकते. अमेरिकेला ती माहीत असती तर त्यांनी नळ्यांतून पेज पिळत बसायचे कष्ट घेतले नसते. रुद्राणी मात्र म्हणाली, "बाई, पण हिचा चुरा लई होतो. तिकडं चुरा तरंगून नाकात जाईल की!" बरोबर आहे. लिहून ठेवले.

दाराशी फक्त मी जायचे. एकच माणूस म्हणजे जबाबदारीही एकाचीच. माझी पद्धत अशी: चपला, बांगड्या, घड्याळ बाहेर. उकळून वाळवलेला पांढरा डगला. कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात. मग गळ्यातली करडगी, म्हणजे शिवदाऱ्याच्या सुती दोऱ्यात ओवलेली इष्टलिंगाची डबी, डोळ्यांना लावायची आणि दार उघडायचे. आज करडगी जरा जास्तच वेळ डोळ्यांवर धरली.

२९ मे, मंगळवार

वर गेलेल्या तिघांनी यानातून एक छत्री बाहेर काढून स्थानकावर उघडली आणि आतली उष्णता उतरू लागली. ही गोष्ट मी दारातून मुलींना सांगितली. अक्कम्मा हसून हसून लोळली. "अय्य, छत्री! एवढं शिकून शेवटी छत्रीच की बाई!"

नमुने स्वच्छ. या उन्हात इन्क्युबेटर बंद ठेवला तरी जंतू उगवतील.

२ जून, शनिवार

रुद्राणीच्या तळव्याचा नमुना ज्या प्लेटवर वाढवला, तिच्यावर तीन सोनेरी ठिपके. मी दोनदा पाहिले, मग पुन्हा पाहिले. सुरुवातीला तिच्यात नव्हता. म्हणजे अगदी थोडा असेल, माझ्या बोळ्यातून निसटला असेल आणि आता बंद जागेत फोफावला असेल. तसे असेल तर अहवालांत लिहिले आहे तेच माझ्या डोळ्यांसमोर घडते आहे.

आनंद झाला. आनंद व्हावा का, हा प्रश्न नंतर आला. लिहिण्याच्या क्रमात तो आधी यायला हवा होता.

५ जून, मंगळवार

सोनेरी जंतू आता रुद्राणीच्या नाकात आणि अक्कम्माच्याही. सरकतो आहे! मायाक्का अजून स्वच्छ. आज आत जाताना घाई होती, तरी क्रम मोडला नाही: साबण, करडगी, दार.

मायाक्का आज उठून उभी राहिली नाही, बसूनच नमुने दिले. उन्हाने सगळ्याच सुस्त झाल्या आहेत. जेवणही कमी घेते म्हणे. अंतराळवीरांचीही भूक मंदावते, तेव्हा ही नोंद महत्त्वाची. नडगीला डब्याचा पत्रा लागून ओरखडा आला आहे असे रुद्राणीने सांगितले, तर मायाक्का तिच्यावर खेकसली, "तुला इचारलं व्हतं का?" तिघींची चिडचिड वाढते आहे. तीही नोंद केली.

ताप मुली स्वतःच पाहून आकडा सांगतात. शास्त्राच्या विद्यार्थिनी आहेत. मी पुन्हा पाहणे म्हणजे अविश्वास दाखवणे.

७ जून, गुरुवार

मायाक्काच्या नाकातही. तिघींच्याही! तिने तापमान नेहमीसारखेच सांगितले. निम्मे दिवस सरत आले. मुलगी चिवट आहे. "शेवटपर्यंत बसणार का?" विचारले, तर म्हणाली, "बाई, तुमी वाढवलं तरी बसंन." अशा विज्ञाननिष्ठेसाठी तरी हे तडीला न्यायला हवे.

९ जून, शनिवार

आज दार उघडले. क्रमाने लिहिते.

सकाळी गोणपाट भिजवायला गेले तर आतून रुद्राणीचा आवाज. "बाई, दार उघडा. मायाक्का खोटं बोलतीय."

"चहाडखोर!" मायाक्का ओरडली. "बाई, काय न्हाय झालं. ही याडी हाय."

"पाय दाखव मग बाईंना!"

"काय न्हाय म्हनते ना!"

"ताप एकशेतीन आहे बाई. चार दिवस खोटा आकडा सांगतीय. काल उलटी पण केली."

मी दाराशी उभी होते, हात कडीवर. आणि इथे मला खरे लिहायचे आहे: मी लगेच कडी काढली नाही. दार उघडले की प्रयोग संपला, हा विचार आधी आला. किती वेळ थांबले ते सांगता येत नाही. अक्कम्मा जाळीजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ती रडतीय की." तेव्हा काढली.

नडगीवर हाताएवढी लाल, ताणलेली सूज. मध्ये गळू. तिथून एक लाल रेघ गुडघ्यावरून मांडीपर्यंत गेलेली. ती रेघ म्हणजे संसर्ग रक्ताकडे निघाला, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

रिक्षातून दवाखान्यात. डॉक्टरांनी गळू फोडले, पेनिसिलिन चालू केले. पू मी नळीत घेतला. सांगोल्याच्या बसच्या कंडक्टरजवळ ज्ञानबांसाठी निरोप दिला आहे. ते कुठल्या काठावर असतील देव जाणे.

१० जून, रविवार

ताप उतरलेला नाही. रेघ वर सरकली आहे. मायाक्का अधूनमधून बरळते आहे.

मुलींची खोली रिकामी करताना मायाक्काच्या वळकटीखाली फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या निघाल्या. एकावर एक, कडा न मोडता रचलेल्या.

"घरी न्यायला," रुद्राणी म्हणाली. "तिचे भाऊ खडी फोडतेत ना. ही भाकरी टिकते, म्हणून."

"आणि पाय का लपवला?"

वर्गात मी कधी कधी मुलींकडे पाहते तसे रुद्राणीने माझ्याकडे पाहिले. "दार उघडलं की वसतिगृह बंद, बाई. वसतिगृह बंद म्हंजे जेवण बंद. तिला खडीवर जावं लागलं असतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

तिने तिन्ही वेळच्या जेवणाबद्दल विचारले होते आणि मी त्याला रस म्हटले. ती अर्धपोटी राहिली आणि मी त्याची 'भूक मंदावणे' अशी नोंद केली.

शब्द आठवतो आहे. जशी दिलीत तशी.

११ जून, सोमवार

कोणते औषध या जंतूला मारते हे पाहायच्या, औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या मी पुवाच्या प्लेटवर परवाच ठेवल्या होत्या. खरे तर दोन तारखेलाच ठेवायला हव्या होत्या. आधी तो फिरतो कसा हे पाहण्यातच गुंतले. आज प्लेट उघडली. पेनिसिलिनच्या चकतीला चिकटून जंतू वाढलेला. स्ट्रेप्टोमायसिनलाही दाद नाही. एरिथ्रोमायसिनभोवती मात्र रुंद, स्वच्छ वर्तुळ.

प्लेट बिस्किटाच्या डब्यात ठेवून तडक दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण आहेत. मला वाटले, मास्तरीण शिकवायला आली म्हणतील. त्यांनी प्लेट खिडकीशी धरली आणि नर्सला हाक मारली. औषध तिथल्या तिथे बदलले.

"बाई, ही प्लेट ठेवून जा," म्हणाले. "आणि घरी जाऊन जेवा."

१३ जून, बुधवार

ताप उतरतो आहे. रेघ फिकी. आज तिने चहा मागितला आणि तो कपात नको, पेल्यात हवा म्हणाली. भांडते आहे म्हणजे बरी होते आहे.

आता मला झोप येईपर्यंत एकच प्रश्न. तिघींचे जुने नमुने ठेवले होते, त्यांवरही चकत्या ठेवल्या. तिघींत एकच जंतू, त्याच औषधांना दाद न देणारा. पण आत जाण्याआधी तिघींत तो नव्हता. पहिल्या प्लेट्स पुन्हा पाहिल्या. नाहीच. आत उगवला नाही तर आत गेला. कशातून?

१५ जून, शुक्रवार

डबे तपासले. पाण्याचे माठ, गोणपाट, चटणी, गूळ. खोलीची भिंत खरवडून पाहिली. काही नाही. संध्याकाळी पानावर बसले तरी तीच यादी मोजत होते. चन्नवीर मला हसवायला बघत होते.

"पाणी तपासलंस, गूळ तपासलास. आता आपल्या दुकानातल्या चादरी आणून देऊ का?"

"थट्टा नको."

"बरं. आत काय काय जात होतं तेवढं सांग. मी आपला धंद्याचा माणूस. माल कुठून आला ते दारावरच कळतं."

"काही जात नव्हतं. मी सोडून."

बोलले आणि माझेच मला ऐकू आले.  ते भाकरी मोडायचे थांबले.

अकरा मुलींची नाके मी तपासली होती. बारावे तपासायचे मनातही आले नव्हते.

१७ जून, रविवार

माझ्या नाकात तो आहे. तीच औषधे, तीच दाद न देण्याची रीत. वाहकाला कधीच कळत नाही, हे मी एका रडणाऱ्या मुलीला सांगितले होते.

पण साबणाने धुतलेल्या हातांची प्लेट स्वच्छ! मग तो गेला कसा? आज मी स्वतःवरच पाळत ठेवली. प्रयोगशाळेत जणू आत जायचे आहे असे सगळे केले. चपला, बांगड्या, डगला, साबण. हात वाळले. आणि हात आपोआप वर गेले, करडगी धरली, शिवदाऱ्यासकट डोळ्यांना लावली, नाकाजवळून. मग दार उघडायला पुढे झाले.

तिथेच थांबले. हातांची प्लेट पुन्हा घेतली. दोऱ्याचीही घेतली. जूनच्या घामाने भिजलेला, गेल्या श्रावणात घातलेला दोरा.

घड्याळ काढले, बांगड्या काढल्या. करडगी अंगावरून उतरवायची नसते, म्हणून ती 'वस्तू' आहे असे मला कधी वाटलेच नाही. आपल्या हाताला आपण वस्तू म्हणत नाही तसे.

१८ जून, सोमवार

दोन्ही प्लेट्सवर तोच.

घरी येऊन देवाच्या खोलीत बराच वेळ बसले. पाप वगैरे शब्द मनात येत होते. चन्नवीर दारात उभे राहिले. "लिंगाला तर तू रोज धुतेस की. दोरा सुताचा आहे. बदल. सोलापुरात सुताला काय तोटा?" आणि कपाटातून नवे सूत काढून समोर ठेवले. मग, "आणि हात पूजा झाल्यावर धू. देव रागावला तर माझं नाव सांग."

पहिल्यांदाच हसले, गेल्या दहा दिवसांत. नवा दोरा उकळून घेतला. नाकाला मलम लावले आहे. तोवर मी मायाक्काच्या जखमेजवळ जाणार नाही. जिला मी जशीच्या तशी परत देणार होते, तिचे ड्रेसिंग नर्स करते आणि मी वॉर्डाच्या दारात नाकावर फडके धरून उभी असते.

२० जून, बुधवार

ज्ञानबा आले. निरोप कालच पोहोचला. मुलीच्या खाटेशी उकिडवे बसले होते, तिच्या बांधलेल्या पायाला हात न लावता.

मी दारातूनच बोलले. म्हटले, रोग माझ्याकडून गेला. नाकातला जंतू, माझा हात, मग रुद्राणी, मग बाकीच्या. कडीवर हात ठेवून थांबले होते तेही सांगितले. ते सांगणे गरजेचे नव्हते असे चन्नवीर नंतर म्हणाले. मला होते.

 ज्ञानबा म्हणाले, "म्हंजी खोलीत रोग नव्हताच."

"नव्हता."

"तुमी आत येत हुता त्यो आला."

"हो."

"मग दार कुनासाठी लावलं व्हतं, बाई?"

 मायाक्का उशीवरून म्हणाली, "आबा, बाईंनी सांगितलं नसतं तर तुमास्नी कळलं असतं का?"

"तू गप. तूबी कमी न्हाईस. पाय सडाय लागला तरी त्वांड उघडलं न्हाईस." मग माझ्याकडे न बघता, "भाकरीसाठी. मला म्हाईत हाय कशासाठी."

उद्या तिला घेऊन जाणार आहेत. मला माफ केले असे म्हणाले नाहीत, आणि मी विचारले नाही. फडक्यातल्या भाकऱ्या रुद्राणीने त्यांच्या घोंगडीत बांधून दिल्या.

२३ जून, शनिवार

काल ते तिघे समुद्रात उतरले. चालताना झोकांड्या जात होत्या म्हणे. त्यांच्या नाकात काय निघाले ते वाचायला वर्ष लागेल. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचीही नाके तपासली असतील का? असतील. ते लोक असे विसरत नाहीत. किंवा एखादा विसरलाही असेल.

२ जुलै, सोमवार

पुण्याच्या परिषदेसाठी निबंध लिहिला. प्राचार्यांनी वाचला, चष्मा काढला.

"उत्तम आहे. बंद जागेत जंतू एकीकडून दुसरीकडे गेला, हे तुम्ही दाखवलंत. हा शेवटचा परिच्छेद तेवढा गाळा."

"तोच निबंध आहे, सर."

"बाई, कॉलेजचं नाव आहे खाली. आणि ते करडगीचं... लोक काय अर्थ काढतील?"

"करडगीचा दोष लिहिलेला नाही. हात धुतल्यानंतर मी काय केलं ते लिहिलंय. माझ्या जागी दुसऱ्या कुणी चष्मा सारखा केला असता, कपाळाचा घाम पुसला असता. प्रत्येकाचं काहीतरी असतं, जे त्याला दिसत नाही. यानात माणसं चढवण्याआधी त्यांना शेवटचा हात कोण लावतो, हा प्रश्न त्यांच्याही कामाचा आहे."

तासभर वाद झाला. शेवटी त्यांनी कॉलेजचे नाव खोडले आणि परिच्छेद राहिला. निबंध माझ्या एकटीच्या नावाने जाईल. चालेल.

वसतिगृहाच्या खाणावळीबद्दलही बोलले. मायाक्का प्रयोगशाळेत काम करील, तिच्या जेवणाचे कॉलेज पाहील. याला ते लगेच हो म्हणाले. मी हे मेमध्येच विचारू शकले असते.

१६ जुलै, सोमवार

मायाक्का परत आली. किंचित लंगडते. डॉक्टर म्हणतात जाईल. ज्ञानबांनी स्वतः बसमध्ये बसवून दिले. "काय म्हणाले?" विचारले. म्हणाली, "म्हनले, बाईंवर ध्यान ठिव."

३ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी. वसतिगृह रिकामे. तीच खोली, या वेळी दहाच दिवस.

मलमानंतर माझ्या आणि तिघी मुलींच्या नाकांचे नमुने सलग तीनदा स्वच्छ आले. मायाक्का आत येणार म्हणून हट्ट धरून बसली होती. मी नाही म्हटले. जिला एकदा झाले तिला पुन्हा आत ठेवायचे नाही. मग ती म्हणाली, "मंग म्या भाईर, आन् तुमी आत." मी हसले. ती हसली नाही. दोन दिवस विचार केला आणि तिचेच बरोबर आहे असे दिसले. बाहेरून आत डोकावणारी मी जे पाहिले नाही, ते आत बसून कदाचित दिसेल. म्हणून आत रुद्राणी, अक्कम्मा आणि मी. बाहेर मायाक्का. तिला आम्ही आधी तपासले: नाक, घसा, तळवे, केस, अगदी ओढणीचे टोकही. आणि हात धुतल्यापासून दार उघडेपर्यंत ती काय काय करते ते अक्कम्मा जाळीतून बघून मोठ्याने सांगते. "डोकं खाजवलं! पुन्हा धू!"

चन्नवीर पोहोचवायला आले होते. "चंद्रावर पोहोचलीस की कळव," म्हणाले, आणि वळकटी दाराबाहेर ठेवून लगेच निघाले. वळून पाहिले नाही. दुकानात घाई असेल.

सकाळी मायाक्काने बाहेरून कडी घातली. संध्याकाळी खिडकीशी आली, हातात पाटी-पेन्सिल.

"थर्मामीटर जाळीला लावा बाई. म्या बघनार. आकडा सांगायचा न्हाय."

लावला. तिने डोळे बारीक करून पाहिला, लिहिला.

"काय दुखतंय का?"

"काही नाही," म्हणायला तोंड उघडले होते. ती पेन्सिल धरून थांबली होती.

"डोकं दुखतंय," मी म्हटले. "आणि भीती वाटते आहे."

तिने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"भीती कुटं लिवू, बाई?"

"लिही. तापाच्या खाली."